चौथ्या दिवशी कंटाळा येतो

शनिवारी निघून रविवारी परतणाऱ्या सहलीत माणसं एकमेकांशी फार चांगली वागतात. भांडी घासायला धावतात, दुसऱ्याच्या पोराला आधी वाढतात, गाडीत खिडकीची जागा सोडतात. हा चांगुलपणा साधारण अडीच दिवस टिकतो. आम्ही सांगलीतली चार घरं बरीच वर्षं मे महिन्यात बामणोलीजवळ शिवसागराच्या काठावर तंबू ठोकून आठवडाभर राहतो. या सगळ्या वर्षांत सर्वांत जास्त शिकवलं ते त्या आठवड्याच्या चौथ्या दिवसानं. चौथ्या दिवशी कंटाळा येतो. पोरांना येतो, बायकांना येतो, पुरुषांना तर तिसऱ्या दिवशी दुपारीच यायला लागतो. त्यानंतर जे घडतं, ते रविवारी संध्याकाळी गाडी वळवणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. सांगलीत हे कुणाला सांगावं लागत नाही. जुलै उजाडला की आमच्याकडं चहाच्या गाड्यावरही 'कोयनेत किती झालं?' हाच विषय. धरण १०५ टीएमसीचं, त्यात आज किती, काल किती, पायथा वीजगृहातून किती सोडलंय, सहाही दरवाजे किती फुटांनी उचललेत. शाळकरी पोरांना टीएमसी म्हणजे काय ते घनफूट शिकायच्या आधी कळतं. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि तिथून ते पाणी आमच्या आयर्विन पुलाखाली येतं. पूर काही एकट्या कोयनेचा नसतो. वारणा असते, धरणाखाली पडणारा पाऊस असतो, आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं नाव कुणी काढलं तर चहा गार होईपर्यंत वाद चालतो. पण नाव मात्र पहिल्यांदा कोयनेचंच निघतं.

२००५ च्या पुरात आमच्या गल्लीत पाणी शिरलं, तेव्हा ही चार घरं एकाच माडीवर राहिली. एक स्टोव्ह, मोजकं रॉकेल, पोरं लहान. तोवर आमची ओळख रस्त्यात हसण्यापुरती होती. पाणी ओसरल्यावर चिखल उपसता उपसता आमच्यातले एक भावजी म्हणाले, "हे येतंय कुठनं, ते एकदा बघून तरी येऊ." पुढच्या मे महिन्यात आम्ही खरंच निघालो.

साताऱ्यापासून यवतेश्वरचा घाट चढून, कासचं पठार ओलांडून, तलावावरून खाली उतरलं की बामणोली. साताऱ्यापासून अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास. कासच्या पठारावर फुलं बघायला लोक सप्टेंबरात झुंबड करतात, २०१२ साली जागतिक वारशात नाव आल्यापासून तर फारच. मे महिन्यात तिथं उन्हानं भाजलेला कातळ असतो आणि रस्ता मोकळा. खाली जलाशयाचा विस्तार प्रचंड, धरणाच्या भिंतीपासून तापोळ्यापर्यंत पन्नासेक किलोमीटर पाणी डोंगरांच्या घड्यांत शिरलेलं. मे अखेर ते इतकं उतरतं की धक्क्यापासून लाँचपर्यंत वाळलेल्या, भेगाळलेल्या गाळावरून बरंच चालावं लागतं. आम्ही ज्यांच्या शेतात उतरतो त्या घरच्यांना पोरं पहिल्या दिवसापासून मामा-मामी म्हणायला लागली, म्हणून आम्हीही तेच म्हणतो.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहायची. त्यामुळं शिध्याचं खातं आपोआप माझ्याकडं आलं. सोळा माणसांना आठवड्याला बारा किलो तांदूळ पुरतात, कांदे पंधरा किलो लागतात, गूळ कितीही नेला तरी कमी पडतो आणि पाच किलो भडंग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपतं, हे मी आता झोपेतही सांगेन. न जमलेली गोष्ट होती पीठ. आमच्याकडं भाकरी शाळूची. आठवड्याचं पीठ एकदम दळून न्यायचं, तर चार-पाच दिवसांत त्याची विरी जाते. थापायला घेतली की कडा चिरतात, तव्यावर टाकताना अर्धी हातात राहते. मामींनी एकदा उभ्या उभ्या बघितलं. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, चिमूटभर मीठ टाकलं, पीठ वैरलं, उलथन्यानं दोनदा फिरवून वर झाकण ठेवलं. "आता हात भाजंल, पर गरम हाय तवरच मळायचं," म्हणाल्या. हाताला गार पाणी लावत त्यांनी ती उकड मळली आणि त्याच मेलेल्या पिठाची अशी भाकरी थापली की तव्यावर टम्म फुगली. मी जन्मभर भाकरी केलेली बाई. तरी त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी पोरीसारखी बसले होते. नंतर आम्ही पीठ कमी न्यायला लागलो आणि त्यांच्याकडची नाचणी विकत घ्यायला लागलो.

पहिल्या वर्षी तळ्याकाठी आम्ही बायकांनी काय केलं? घरी करतो तेच, फक्त चूल जमिनीवर. सकाळी पोहे, मग चहा, मग दुसरा चहा, मग स्वयंपाक, मग भांडी, तोवर चारचा चहा. पुरुष पोहत होते, गळ टाकून बसत होते, 'काय शांतता आहे' म्हणत होते. चौथ्या दिवशी सकाळी आमच्यातल्या एक वहिनी सतरंजी घेऊन आंब्याखाली गेल्या, आडव्या झाल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "मला आज भूक नाही. ज्यांना आहे त्यांनी बघावं." कुणी काही बोललं नाही. आम्ही उरलेल्या तिघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. तासाभरानं चुलीतून धूर यायला लागला. दुपारी पिठलं मिळालं, त्यात सुपारीएवढ्या गुठळ्या होत्या, भात खाली लागलेला. आम्ही ते मन लावून जेवलो आणि कौतुक केलं नाही. माझ्या मते ते फार महत्त्वाचं होतं. कौतुक केलं असतं तर तो एका दिवसाचा पराक्रम ठरला असता.

पुढच्या वर्षीपासून पाळ्या लागल्या. दिवसाला एक घर, त्या घरातले बाप्ये आणि दहा वर्षांवरची पोरं स्वयंपाकाला. सांगलीत परतल्यावर घरोघरी काय झालं ते मी सांगू शकत नाही. आमच्या घरी झालेला फरक एवढाच, की रविवारचा चहा कुणी करायचा यावर आता निदान चर्चा होते.

पोरांचा कंटाळा वेगळा. पहिल्या दिवशी पाणी, दुसऱ्या दिवशी लाँचनं फेरफटका, तिसऱ्या दिवशी वासोटा. वासोट्याला जायला पलीकडं मेट इंदवलीला उतरावं लागतं. तो भाग कोयना अभयारण्यात येतो आणि २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. वनखात्याची माणसं पिशव्या उघडून प्लॅस्टिकच्या वस्तू मोजून घेतात आणि परत येताना तेवढ्या दाखवाव्या लागतात. आमच्या पोरांनी आयुष्यात कधी एवढ्या जबाबदारीनं कचरा सांभाळला नसेल. एकदा बिस्किटाचा एक पुडा कमी भरला, तर सगळी टोळी अर्धा डोंगर परत चढायला तयार झाली होती. तो एकाच्या खिशात निघाला.

चौथ्या दिवशी मात्र "काकी, आता काय करायचं?" सुरू होतं. सुरुवातीला मी उत्तरं द्यायची. भेंड्या खेळा, करवंदं काढून आणा, पत्ते घ्या. पुढं मी उत्तर देणं बंद केलं. "मला काय माहीत," एवढंच म्हणायचं आणि कांदे निवडत बसायचं. त्या काळात तिथं मोबाईलला रेंज नव्हती. आता मामांच्या उकिरड्यापाशी उभं राहिलं की दोन काड्या येतात, आणि तिथं उभं राहायला पोरांना लाज वाटते हे आमचं नशीब.

अशाच एका रिकाम्या दुपारी एक मुलगा नुसताच भेगाळलेल्या गाळावर फिरत होता. एक टिटवी त्याच्या डोक्यावर घिरट्या घालून बेंबीच्या देठापासून ओरडायला लागली. तो ज्या बाजूला जाई त्याप्रमाणं तिचा आवाज चढे-उतरे. हे लक्षात आल्यावर त्यानं तेच यंत्र म्हणून वापरलं. चार पावलं इकडं, चार तिकडं. शेवटी खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी, मातकट रंगावर काळे ठिपके असलेली चार अंडी त्याला सापडली. घरटं म्हणावं असं काहीच नाही, उघड्या जमिनीवर जरासा खळगा. सगळी पोरं जमली. गुरं पाय देतील म्हणून दगडांचं कुंपण करायचं ठरलं. मामांचा मुलगा तेव्हा नववीत असेल. तो म्हणाला, "कुंपण केलंसा तर कावळ्याला पत्ता दिल्यागत हुईल." मग पोरांनी कुंपण न करता पाळीपाळीनं लांब बसून गुरं हाकलली, दोन दिवस, भर उन्हात. ज्यानं अंडी शोधली तो पुढं पक्षितज्ज्ञ वगैरे झाला नाही. पुण्यात गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत आहे.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सांगलीच्या माणसाला पोहण्याचा गर्व असतो. आमच्याकडं पोरं घाटावरून पाठीला डबा बांधून कृष्णेत पडतात आणि दोन उन्हाळ्यांत पैलतीर गाठतात. नदीत पोहणाऱ्याला प्रवाहाची सवय असते. दम लागला की अंग सोडायचं, पाणी कुठंतरी काठाला लावतं. धरणाचं पाणी कुठंही लावत नाही. ते उभं असतं. वर कोमट, हातभर खाली गेलं की पायाला गार झोंबतं. काठ म्हणजे मुळात डोंगराचा उतार, त्यामुळं चार पावलं कमरेएवढं आणि पाचव्या पावलाला तळ नाही. पाणी उतरल्यावर काठाचा गाळ वरून वाळलेला आणि आतून लोण्यासारखा. दुपारनंतर वारा सुटला की लाटाही उठतात.

आमच्यातला सर्वांत पट्टीचा पोहणारा एका दुपारी समोरचं टोक गाठायला निघाला. मध्ये वारा आला. तो बुडत नव्हता, पण पुढंही सरकत नव्हता. काठावर त्याची बायको उभी होती आणि आम्ही सगळे गप्प. तेवढ्यात एक लाँचवाला बाजूनं आला, त्यानं काही न विचारता इंजिन बंद केलं, दोर टाकला. काठावर आणून सोडल्यावर एवढंच म्हणाला, "न पोवणारा कवा बुडत न्हाय हितं. त्यो पाण्यातच जात न्हाय." त्या दिवसापासून आमच्यात लाइफ जॅकेट आधी मोठ्यांनी घालायचं, मग लहानांनी. मोठ्यांना ते फार जड गेलं. पट्टीचे पोहणारे अजूनही पोटाशी पट्टा सैल ठेवतात.

मामांचे वडील होते तोवर संध्याकाळी ओट्यावर बसून ते पाण्याकडं हात करायचे. "त्या खुटाच्या जरा हिकडं आमचं जोतं." धरणाचं काम १९५६ ला सुरू झालं आणि १९६४ पर्यंत चाललं. पाणी चढलं तशी गावं उठली. कुणी सोलापूरकडं गेलं, कुणी ठाणे-रायगडात, काही जणांना आमच्या सांगली जिल्ह्यात जमिनी मिळाल्या, आणि काही घरं आपापल्या डोंगरावर चार टप्पे वर सरकली. मामांचं घर त्यातलं. पाणी फार खाली गेलेल्या वर्षी आम्ही त्या जोत्याचे घडीव दगड पाहिले, चिखलात एका ओळीत. त्यांच्या पिढीला मिळायचं ते सगळं अजून मिळालेलं नाही. २०१८ साली कोयनानगरला धरणग्रस्त ठिय्या देऊन बसले, तेव्हा धरणाला पन्नासहून जास्त वर्षं होऊन गेली होती. तिथल्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले. ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवून बोगद्यांतून कोकणात सोडतात, त्यावर वीज होते. पूर्वेला येणाऱ्या पाण्यावर आमचा ऊस आणि द्राक्षं. या सगळ्याचा हिशेब मी मनातल्या मनात मांडायची, धंद्याची सवय.

एकदा आमच्यातलं कुणीतरी सहज म्हणालं, "आजोबा, तुमचं पाणी आमच्या घरात शिरलं होतं." म्हातारा जरा वेळ सुपारी कातरत राहिला. मग म्हणाला, "तुमच्याकडं चार दिस आलं आन् गेलं. आमच्याकडं आलं ते ऱ्हायलं." त्यात चीड नव्हती, आम्हाला गप्प करायचा हेतूही नव्हता. त्याच दमात त्यांनी विचारलं, "मग तुमची भांडीकुंडी घावली का?"

तंबू हा प्रकार वळवापुढं टिकत नाही, हे आम्ही पहिल्याच काही वर्षांत शिकलो. दिवसभर उकडतं, चारला पश्चिमेच्या डोंगरावर ढग चढतात, पाचला वारा, आणि सव्वापाचला तुमचा तंबू तुमचा नसतो. एकदा ताडपत्री उडून पाण्यात गेली आणि ओलं झालेलं सगळं बिऱ्हाड मामांच्या सोप्यात रात्रभर पडून होतं. पहाटे कधीतरी फळीवरची भांडी आपोआप वाजली. आम्ही घाबरून उठलो. मामी कूस बदलत म्हणाल्या, "भूकंप हाय, निजा." कोयनेच्या भागात असे बारीक धक्के अधूनमधून बसतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा मोठा भूकंप सोसलेल्या माणसांना हे भांडी वाजण्यापुरतं. आमच्यापैकी कुणी त्या रात्री निजलं नाही.

चारातलं एक घर आता येत नाही. तेही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं फार गोडगोड होईल. २००५ च्या पुरानंतर एका घरानं दुसऱ्याला दुकान उभं करायला उसने पैसे दिले होते. गावात कधी तो विषय निघाला नाही. भेटी दिवाळी-संक्रांतीच्या, त्यात कोण काढतो? पण तळ्याकाठी पाचव्या रात्री, वर्गणीचा हिशेब मी मोठ्यानं वाचत असताना, 'यांची वर्गणी नंतर' या माझ्या एका ओळीवरून ते सगळं बाहेर आलं. दोघंही खरं बोलत होते, म्हणून तर मिटवता आलं नाही. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. फराळाचं ताट अजून जातं-येतं, लग्नाकार्यात त्या वहिनी माझ्याच शेजारी बसतात. चोवीस तासांचा शेजार सगळ्या दोस्त्यांना झेपत नाही, आणि न झेपलेली दोस्तीही खोटी नसते, असं माझं मत झालंय. माझ्या नवऱ्याचं मत वेगळं आहे. त्याला वाटतं, ती ओळ मी मनातल्या मनात वाचायला हवी होती.

२०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे. यावेळी माडीवरही थांबता आलं नाही, होडीनं बाहेर काढलं आम्हाला. पाणी उतरून लाइट आल्यावर पहिला फोन मामांचा. "किती आलं व्हतं?" मी म्हटलं, जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत. पलीकडं ते पायऱ्या मोजत असावेत. त्यांच्या बाजूलाही पावसानं दरडी आल्या होत्या, रस्ते खचले होते. तरी गणपती होऊन गेल्यावर एका जीपमधून दोन पोती आली. एकात तांदूळ, एकात नाचणी. जीपवाल्यानं भाडं घेतलं नाही. आधीच मिळालंय, म्हणाला.

आता त्या काठाची कळा बदलली आहे. बामणोली-तापोळ्याच्या बाजूला रंगीत तंबूंच्या ओळी लागतात, आत गादी, बाहेर दिव्यांच्या माळा, रात्री शेकोटी आणि स्पीकर. पूर्वी तापोळ्याला जीप तराफ्यावर चढवून पलीकडं न्यायची, ते बघायला पोरं तासन्‌तास थांबत. आता तिथं आहिरकडं जाणारा मोठा पूल होतोय. याबद्दल हळहळायचा हक्क आम्हाला फारसा नाही, ज्यांना बाळंतीण घेऊन रात्री तराफ्याची वाट बघावी लागली त्यांना विचारावं. स्पीकर मात्र मला सहन होत नाही, आणि टिटवीलाही होत नसणार.

आमची पोरं मोठी झाली. येतात ती आपापल्या मित्रांना घेऊन, तीनच दिवसांची रजा काढून. 'तेवढं पुरे होतं' म्हणतात. मी वाद घालत नाही. आम्ही म्हातारे पुढं चार दिवस राहतो.

कुंपण नको म्हणणारा मामांचा मुलगा आता स्वतः तंबू चालवतो. गेल्या मे महिन्यात त्यानं मला वही आणून दिली. चाळीस माणसांचा दोन दिवसांचा शिधा काढून द्या, काकी, म्हणाला. मी बसून सगळं मांडून दिलं, तांदूळ, कांदे, तेल, गूळ, आणि नाचणीचं पीठ माणशी दोन भाकरींच्या हिशेबानं. त्यानं वही वाचली, पेन मागितलं आणि नाचणीचा आकडा खोडून निम्मा केला.

"अगं काकी, पुण्याची माणसं नाचणी मागत्यात खरी," तो म्हणाला, "पर दुसरी भाकरी कुणी घेत न्हाय."